फायटरच्या टाकीतला पडदा आणि सिलिकॉन
दोन फायटर (एकमेकांशी भांडणारे बेट्टा मासे) एकाच टाकीत ठेवायला मधे जाळीचा पडदा करताना बाथरूमचे सांधे भरून उरलेलं सिलिकॉन चिकटवायला चालेल का, असं विचारलंय. कृपया ते वापरू नका. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बहुतेक वेळा बुरशीनाशक असतं, ते पाण्यात उतरलं तर मासे मरू शकतात. नळीवर मत्स्यटाकीसाठी असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसिटिक ॲसिडचा. तो पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका. पातळ थराला किमान 24 तास, जाड सांध्याला आणखी दोन-तीन दिवस द्या. नुसत्या वासावरून नळी निवडू नका मात्र, बुरशीनाशकवाल्या सिलिकॉनलाही तोच वास असू शकतो.

कुणी जाळीला ॲक्रिलिकची (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची) चौकट सुचवली आहे. सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, ॲक्रिलिकला तितकं नाही. तिथे सायनोॲक्रिलेट जेल (सुपरग्लूचा घट्टसर प्रकार) चालेल; समुद्री टाक्यांत प्रवाळ चिकटवायला तेच वापरतात.

माझं मत विचाराल तर जाळी कागदांच्या फायलीच्या प्लास्टिक सरकपट्टीत अडकवा आणि सक्शन कपांनी बसवा. चिकटवायची गरजच नाही, धुवायला काढताही येते. फक्त जाळी पाण्याच्या वर चार बोटं राहू द्या, फायटर चांगली उडी मारतो.