छोटा कीबोर्ड घेताना तुम्ही काय पाहिलंत?

सोनचाफा
काल लेकीचा नवा कीबोर्ड आला. वहीएवढा, ६१ कळांचा, निळ्या स्विचचा, म्हणजे कळ दाबली की खटका वाजणारा. तिने खोलीत टायपायला सुरुवात केली आणि इकडे कणीक मळताना माझे हात थांबले. खट खट खट! १९८५ साली मिरजेत टायपिंग क्लासला जायचे, थेट तिथे जाऊन बसले. गोदरेजचं मराठी मशीन, ओळ संपत आली की वाजणारी घंटा, रिबिनीने काळी झालेली बोटं. आधी मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिली, मग ४०ची. करंगळीत जोर नाही म्हणून सर फक्त करंगळीच्या अक्षरांचं पानभर गिरवून घ्यायचे.

पुढे ऑफिसात कंप्युटर आले, इनस्क्रिप्ट शिकले, म्हणजे कळांवर थेट मराठी अक्षरं असलेली मांडणी. आजही त्यावरच लिहिते. गेल्या वर्षी उजवा खांदा धरला. लेक म्हणाली, नंबरपॅड (उजवीकडचा आकड्यांचा चौकोन) नसलेला कीबोर्ड घे, माऊस जवळ येईल. छोटासा ब्लूटूथवाला मागवला. जागा वाचवायला त्यात उजवीकडच्या कळा निम्म्या रुंदीच्या केल्या होत्या. इंग्रजीवाल्यांचं तिथे काही अडत नाही, अर्धविराम नि कंसच असतात. इनस्क्रिप्टमध्ये नेमके तिथेच च, ट, ड! 'वाटाणा' लिहायला जावं तर 'वा'नंतर एंटर. आणि डॉक्टरमधल्या ऑची कळ एफएन धरून, म्हणजे एका कळेवर दुसरं काम करून घेणारी ती जोडकळ दाबून. आठ दिवसांत परत पाठवला. आता ८७ कळांचा आहे. नंबरपॅड नाही, बाकी सगळं जागच्या जागी. खांदाही बराच सुटलाय.

तुम्ही काय बघून घेतलात? सांगा.

ताळेबंद
नंबरपॅडशिवाय माझं पान हलत नाही. ५ वरचा उंचवटा बोटाला लागला की खाली न बघता आकडे पडतात. टॅलीत एफ८ विक्री, एफ९ खरेदी. छोट्यावर दर वेळी एफएन धरा. मार्च एंडला एक दिवस केलं, पुरे झालं. आता छोटा कीबोर्ड आणि नंबरपॅड वेगळा, यूएसबीचा. तो डावीकडे ठेवतो. डाव्या हाताला सवय व्हायला महिना गेला.

माजघर
सोनचाफा, खांद्याला काय केलंत? माझा दोन महिने वर जात नाहीये. वेणी घालता येत नाही हो.

पत्रिकावाला
आमचं डीटीपीचं काम, लग्नपत्रिका. जुने मराठी फॉन्ट युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, त्यामुळे काही जोडाक्षरं ऑल्ट धरून नंबरपॅडवर आकडे मारूनच येतात. वरच्या ओळीतले आकडे मारून येत नाहीत. भिंतीवर कोडचा तक्ता चिकटवलाय, वीस वर्षांचा, पिवळा पडलाय. पोरगा हौसेने छोटा कीबोर्ड घेऊन आला, संध्याकाळी जुनाच लावला. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, नवऱ्या मुलाच्या आडनावातलं अक्षर आलंच पाहिजे.

काजूकतली
डॉक्टरला +१. मला 'कॉफी' छळते.

अर्धा_टेबल
बंगळुरात एका खोलीत तिघं राहायचो, टेबल अर्धंच वाट्याला. म्हणून ६१ कळांचा घेतला. बाण नाहीत, ते एफएनखाली. कोड लिहिताना बाण सारखे लागतात, दोन महिने तग धरला. मग ६५ टक्केवाला, म्हणजे पूर्ण कीबोर्डच्या साधारण तेवढ्या आकाराचा घेतला, त्यात चार बाण कोपऱ्यात असतात. तोच माझा कायमचा. स्विच तपकिरी, बोटाला कळतं पण निळ्यासारखा खटका वाजत नाही. तेव्हा रूममेट झोपायचा, आता बाळ झोपतं. कॅप्सलॉकच्या जागी कंट्रोल करून घ्या सगळ्यांनी! जपानचा हॅपी हॅकिंग कीबोर्ड १९९६ पासून तसाच येतो, ६० कळांचा. करंगळी वाचते.

काजूकतली
४० टक्केवाला कुणी वापरलाय का? फार गोड दिसतो.

सोनचाफा
काजूकतली, इनस्क्रिप्टवर लिहीत असाल तर नको. त्यात आकड्यांची ओळच नसते आणि आपले ज्ञ, त्र, क्ष, श्र शिफ्ट धरून ५, ६, ७, ८ वर आहेत.
माजघर, फिजिओ चालू होती. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, रोज थोडा थोडा. पण आधी डॉक्टरांना दाखवा, दोन महिने फार झाले.

म्युनिककर
मी फोनेटिकवाली, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी लिहिणारी, त्यामुळे च-ट-डचं दुखणं नाही. इथल्या जर्मन कीबोर्डच्या कळांवर वाय आणि झेडची अदलाबदल असते. सासूबाई आल्या होत्या, त्या भारतातल्या सवयीने न बघता टाइप करतात. मामंजींना 'ये' लिहायला गेल्या की 'झे'. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. शेवटी सेटिंग इंग्रजी केलं आणि त्या दोन कळा उपटून एकमेकींच्या जागी बसवल्या. परत गेल्या तरी मी अजून तशाच ठेवल्यात.

माजघर
उद्याच नंबर लावते डॉक्टरांकडे. थँक्यू गं. तो मिरजेचा क्लास ब्राह्मणपुरीतला का? आमची आई तिथे जायची.

सोनचाफा
नाही, स्टेशनकडचा. आई कोणत्या साली होत्या?
आणि दुकानात जाऊन घेणार असाल तर पट्टी न्या. एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिमी हवं. अ-ब-क-डच्या नाही, एंटरच्या अलीकडच्या कळा मोजा.

माजघर
८२-८३ असेल. दुपारी उठली की विचारते. अजून पेटीत सर्टिफिकेट आहे तिचं, ४०चं.