भिगवणचा फोटो बिघडलाय, कुणी मदत कराल का?

बी-३०४: रविवारी आईला घेऊन भिगवणला गेलो होतो. कुंभारगावहून नाव केली. सूर्य पाण्याला टेकत होता आणि वाळक्या झाडावर चित्रबलाक (पेंटेड स्टॉर्क पक्षी) बसलेला. डोळ्यांनी पाहिलं त्यातलं फोटोत काहीच उतरलं नाही. आभाळ पांढुरकं, पक्षी मळकट करडा. फार हळहळ वाटतेय.

ए-१०२: मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. ग्रुपवरच्या फोटोची फाइल लहान होते, त्यावर काम केलं की आभाळात पट्टे उमटतात.

ए-१०२: पाहिला. फोनच्या एचडीआरने (उजेड-सावली सारखी करणाऱ्या सोयीने) सावल्या उजळल्यात, म्हणून पक्षी करडा. आपण त्याची केशरी आभाळावर नुसती काळी आकृती करू. स्नॅपसीड या फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये ट्यून इमेज उघड, ब्राइटनेस आणि शॅडोज दोन्ही कमी कर. मग कर्व्ह्जमध्ये (उजेड-अंधाराच्या आलेखात) रेषेचं डावीकडचं खालचं टोक थोडं उजवीकडे सरकव, पक्षी काळाकुट्ट होईपर्यंत. शेवटी व्हाइट बॅलन्समध्ये टेम्परेचर वाढव, म्हणजे रंग केशरीकडे झुकेल. फोनच्या ऑटो व्हाइट बॅलन्समध्ये संध्याकाळचा तांबूसपणा बराच जातो. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या गडदपणाला, मात्र हात लावू नकोस.

सी-२०१: पण काका, त्याची गुलाबी पिसं जातील ना?

ए-१०२: जाऊ देत गं. प्रकाश मागून आहे, ती तशीही दिसत नाहीयेत. चोचीचं टोक जरा खाली वाकलेलं, पाय लांब, एवढ्यावर चित्रबलाक ओळखू येतो. म्हणून तर कडा स्वच्छ हवी.

बी-३०४: केलं काका. आभाळ छान केशरी आलं! पण पाय फांद्यांत मिसळून सगळा एकच गोळा दिसतोय.

ए-१०२: ते एडिटिंगने सुटायचं नाही. चोच, मान, पाय यांच्या मधून आभाळ दिसायला हवं. त्या वेळचे बाकीचे फोटो आहेत का? सगळे पाठव.

बी-३०४: अठरा आहेत. पाठवले.

ए-१०२: सातवा घे! मान लांब केलीय, चोच अगदी बाजूने दिसतेय, दोन्ही पाय मोकळे. हाच तुझा फोटो. क्रॉप करताना चोचीच्या पुढे जास्त जागा ठेव. सूर्याभोवतीचं जे पांढरं पडलंय ते मात्र परत येणार नाही. पुढच्या वेळी सूर्याशेजारच्या आभाळावर बोट टेकव आणि एक्स्पोजर (फोटोचा उजेड) खाली ओढ, मगच क्लिक कर.

बी-३०४: झाला काका, हा बघा. आईला दाखवला, ती म्हणाली, "अरे, हाच तर बघितला आपण!"

ए-१०२: सुरेख! मूळ फाइल पुसू नकोस, हा वेगळा सेव्ह कर.