ब्र्नोतल्या ग्रीक आजी इथे कशा काय पोचल्या?

भटका_सातारकर: मी दोन वर्षं झाली चेक रिपब्लिकमधे ब्र्नोला जॉबला आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक ऐंशीच्या पुढच्या आजी राहतात, मी त्यांना चेकच समजत होतो. परवा जिन्यात फोनवर भलत्याच भाषेत बोलताना ऐकलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या ग्रीक! 1948 ला पाच वर्षांच्या होत्या, रात्रीचं डोंगरातनं चालत बॉर्डर ओलांडली, दोन पोरांत मिळून एक घोंगडी. लोक कम्युनिस्ट देशातून पळायचे हे माहितीये, पण हे उलटं कसं?

इतिहासवेडी: ग्रीसमधे 1946 ते 49 यादवी चालू होती. एकीकडे सरकार, त्याच्यामागे आधी ब्रिटन आणि 1947 पासून अमेरिका, दुसरीकडे कम्युनिस्टांची फौज. लढाई उत्तरेच्या डोंगरातल्या गावांमधेच पेटलेली, वरनं विमानं बॉम्ब टाकायची, म्हणून कम्युनिस्टांनी 1948 मधे 25 हजारांच्या वर मुलं बॉर्डरपार, कम्युनिस्ट देशांत पाठवली. प्रत्येक गटाबरोबर सांभाळायला बायका असायच्या, त्यांना 'माना' म्हणजे आई म्हणायचे. सरकार म्हणत होतं मुलं पळवली. काही आयांनी स्वतःहून दिली, काहींवर जबरदस्ती झाली, त्यामुळे एकाच बाजूचं ऐकून मत बनवू नका प्लीज. ऑगस्ट 1949 मधे कम्युनिस्टांच्या ताब्यातला ग्रामोस डोंगर सरकारच्या हाती पडला आणि उरलेले लढवय्ये अल्बेनियात गेले, तिथनं हजारोंना बोटीने आणि मग रेल्वेने थेट ताश्कंदला नेलं.

कोल्हापुरी_इन_प्राग: चेकमधे बऱ्याच जणांना क्रनोव्ह, येसेनिक भागात ठेवलं. युद्धानंतर तिथल्या जर्मन लोकांना हाकललं होतं, घरं रिकामी पडलेली. म्हणजे एकाचं घर सुटलं त्यात दुसरा बेघर येऊन राहिला, मला हे वाचून फार लागलं होतं. हंगेरीत तर त्यांच्यासाठी अख्खं गाव वसवलं, बेलोयानिस. 1952 ला ग्रीसमधे गोळ्या घातल्या त्या कम्युनिस्ट नेत्याचं नाव दिलंय.

इतिहासवेडी: परत जायला लागले ते मुख्यतः 1974 ला लष्करी राजवट पडल्यावर, आणि 1982 च्या आदेशाने दार नीट उघडलं, पण फक्त 'वंशाने ग्रीक' असलेल्यांना. उत्तर ग्रीसमधले मॅसेडोनियन ही स्लाव्ह भाषा बोलणारे तेच लढले, तेच हरले, त्यांना मात्र बाहेर ठेवलं. हा सरळसरळ अन्याय आहे. आजींना गावाचं नाव विचार, पण जपून, 1920 च्या दशकात तिथल्या कितीतरी गावांची जुनी स्लाव्ह नावं बदलून ग्रीक केलीयेत.

भटका_सातारकर: विचारलं. उत्तर ग्रीसमधल्या कास्तोरियाजवळचं गाव, आणि खरंच दोन नावं सांगितली, एक नकाशावरचं, एक त्यांची आई म्हणायची ते. आई पोलंडला, वडील ताश्कंदला आणि ह्या इथे होस्टेलमधे, आठ वर्षं. रेड क्रॉसमार्फत शोध लागून वडील स्टेशनवर उतरले तेव्हा ह्या 13 वर्षांच्या होत्या. म्हणाल्या, मी त्यांना ओळखलंच नाही, ते माझ्या पुढनं दोनदा गेले.