तळ बदलून देणार नसाल, तर झाडंही लावू नका

कडेलोट

काल या मंचावर रानभैरी यांनी एका डोंगरी बुटांच्या कंपनीवर भरभरून लिहिलं. कंपनीचं नाव घेत नाही. वाचलंय त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांचं काही अडत नाही. मजकूर थोडक्यात असा: तीन पिढ्यांचं घराणं, चामडं तपासणी झालेल्या कारखान्यांतून येतं, तळात पुनर्वापराचं रबर, खोका पुठ्ठ्याचा, दर जोडामागे एक झाड, आणि व्हिडिओत पांढऱ्या केसांचे एक आजोबा आरीने टाके घालताना. वर रानभैरींचा शेरा, की असे बूट घेणं हेच खरं निसर्गप्रेम.

तिथेच दोन ओळी खरडून गप्प बसणार होतो. जमलं नाही.

त्या सगळ्या मजकुरात मी एकच गोष्ट शोधत होतो. तळ झिजला की नवा घालून देता का? झाडं आहेत, आजोबा आहेत, डोंगरावरचा सूर्योदय आहे, हे नाही. पत्र टाकून विचारलं तर उत्तर आलं, की या मालिकेतल्या बुटांचे तळ बदलता येत नाहीत, नवीन मालिका पाहा! आजोबा कुठल्या बुटाला टाके घालतात देव जाणे. विक्रीला असलेल्या बहुतेक जोडांचा तळ साच्यात थेट ओतलेला आहे. म्हणजे वरचं चामडं साच्यात धरायचं आणि खालून पॉलियुरेथेनचा फेस भरायचा. झटपट काम, पण झिजला की उखडून दुसरा बसवणं जवळपास कुणी करत नाही.

एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये धावण्याच्या एका बुटाचा हिशोब मांडला होता. ६५ भाग, ३६० हून अधिक टप्पे, जोडामागे साधारण १४ किलो कार्बन डायऑक्साइड, आणि त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा उत्पादनाचा. डोंगरी बुटाचे आकडे वेगळे येतील, पण बूट खोक्यात पडेपर्यंत व्हायचं ते नुकसान बहुतेक झालेलं असतं, हे बदलत नाही. त्यानंतर हातात एवढंच उरतं, की तो जास्तीत जास्त वर्षं पायात राहावा. खोका पुठ्ठ्याचा की सोन्याचा, काय फरक पडतो?

रानभैरी

माझं नाव घेऊन धागा काढल्याबद्दल आभार. तुमच्यासारख्यांमुळेच कंपन्या काही चांगलं करायला कचरतात. काहीच न करणारे शेकडो ब्रँड आहेत, त्यांच्यावर तुमचा धागा दिसला नाही. जो थोडं करतो त्यालाच झोडायचं. आणि तो जोड मी स्वतः वापरते, दोन पावसाळे झाले, एक टाका उसवलेला नाही.

कडेलोट

टाका असेल तर उसवेल ना.

आरीदोरा

मी बूट बनवण्याच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर) वरचा भाग ताणून बसवायच्या विभागात. म्हणून दोन्ही बाजूंना थोडं ऐकवतो.

शिवलेला तो अस्सल आणि चिकटवलेला तो नकली, ही समजूत सोडा. गुडइयर वेल्टचं, म्हणजे कडेने पट्टी शिवून तिला तळ जोडायच्या पद्धतीचं, एवढं नाव आहे (१८७० च्या सुमारास रबरवाल्या गुडइयरच्या मुलाने हे यंत्र बाजारात आणलं), पण आजच्या बहुतेक वेल्टच्या बुटांत टाका ज्या उंच पट्टीतून जातो ती पट्टीच मुळात आतल्या तळाला गोंदाने चिकटवलेली असते. आतल्या तळाचंच चामडं कोरून त्यात हाताने टाके घालणारे आता फार थोडे. उलट चिकटवलेल्या डोंगरी बुटांचे तळ युरोपातले कितीतरी जुने कारखाने नियमित बदलतात. घासून जुना तळ काढतात, मधला थर नवा बसवतात, त्याखाली नवं रबर, कडेची रबरी पट्टीही नवी. टाके असोत नसोत, तो तळ खोलता येईल असा बांधलाय की नाही, एवढं बघा. थेट ओतलेला असेल तर कडेलोट म्हणतात ते बरोबर आहे.

पण कडेलोट, आजोबांची टिंगल करू नका. अंगठ्यापाशी चामडं सुरकुती न पडता ओढणं यंत्राला अजून माणसासारखं जमत नाही. ते काम ज्याच्या हाताचं, त्याचं नाव खोक्यावर कधी येत नाही. झाडाचं येतं.

निसरडाकातळ

तळ बदलण्याचं सोडा, तळ टिकतो का ते विचारा. माझा नामांकित कंपनीचा महागडा जोड, जेमतेम वापरलेला. मधे काही वर्षं आजारपणामुळे डोंगर बंद होता, बूट कपाटात खोक्यातच. पुन्हा घातले, चढण निम्मी झाली आणि डाव्या बुटाचा तळ पायाखालून वेगळा. पाच मिनिटांत उजव्याचाही. हातात घेतला तर मधला थर भुसभुशीत, बोटाने चुरा होत होता. नाड्यांनी तळ बांधून उतरलो. कंपनीने उत्तर दिलं की हे ‘नैसर्गिक जीर्ण होणं’ आहे! वापरलेच नाहीत तर जीर्ण कसे होतात हो? हा सरळ ठरवून केलेला घातपात आहे, म्हणजे पुन्हा विकत घ्यावेत.

जलांश

घातपात नाही, रसायनशास्त्र. मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली वाफ त्यात शिरते आणि त्यातले एस्टरचे बंध तोडत जाते, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. वापरा की ठेवून द्या, पाच-दहा वर्षांत कधीतरी तो जाणारच. ओल आणि उष्णता जास्त असेल तर आधीच. गंमत म्हणजे बंद खोक्यात ठेवलेला जोड घालून फिरवलेल्या जोडाच्या आधी जातो, असं बूट बनवणारेच सांगतात. चालताना फेस दाबला-सुटला की त्यातली ओल बाहेर पडते. म्हणजे तुमच्या बुटांना तुमचं कपाट भोवलं.

निसरडाकातळ

वा! म्हणजे दोष माझाच. खोक्यावर तारीख का छापत नाहीत मग? औषधावर छापतात, पाण्याच्या बाटलीवर छापतात. ज्याच्या भरवशावर माणूस कड्यावर उभा राहतो त्याच्यावर नाही?

जलांश

हा प्रश्न रास्त आहे. तारीख बरेचदा आत कुठेतरी असते, जिभेच्या पट्टीवर बारीक अक्षरात किंवा संकेतात. ठळक छापली तर दुकानात पडून राहिलेला माल कोण घेईल?

कडेलोट

म्हणजे घातपात नाही, फक्त लपवाछपवी. बरं वाटलं ऐकून.

आरीदोरा

पॉलियुरेथेनला शिव्या देणाऱ्यांनी पर्यायही सांगा. ईव्हीए हा दुसरा फेस ओलीने असा तुटत नाही, पण दबून बसतो आणि मग पायाखाली फळी. पॉलिइथर जातीचं पॉलियुरेथेन ओलीला जास्त तग धरतं, पण घासाला आणि ताणाला एस्टरवाल्याइतकं चिवट नाही. मधला थर पूर्ण चामड्याचा किंवा रबराचा केला तर जोड पिढ्यान्‌पिढ्या चालेल आणि वजन असं होईल की तुम्हीच परत कराल. गिऱ्हाईक दुकानात बूट हातात घेऊन आधी तोलतो, मग टाके बघतो. हलका हवा, मऊ हवा, पहिल्याच दिवशी चावू नये, आणि वर शंभर वर्षं टिकावा. कुठून आणायचा?

निसरडाकातळ

जुन्या काळी टिकत होतेच की! शुद्ध चामडं, खिळे मारलेला तळ.

जलांश

जुना काळ तुम्हालाच लखलाभ. १९३५ मध्ये इटलीतल्या आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक गेले, त्यात पायातल्या बुटांचाही दोष होता. विटाले ब्रामानी याने ते पाहिलं आणि १९३७ मध्ये खाचांचा रबरी तळ आणला. रबरी तळांच्या व्हिब्रम कंपनीचं नाव त्याच्याच नावावरून. खिळ्यांच्या तळांची थोरवी गाणाऱ्यांनी ओल्या गुळगुळीत खडकावर एकदा चढून दाखवावं.

निसरडाकातळ

माझा तळ चढणीवर निखळला, आणि तुम्ही मला इतिहास शिकवताय.

ओलेमोजे

मधेच घुसते, रागवू नका. कारागिरी, कारागिरी चाललंय तर विचारते: बायकांचा बूट म्हणजे पुरुषांचा फर्मा लहान करून त्यावर जांभळा धागा, ही कारागिरी कुठली? माझी टाच अरुंद, पंजा रुंद. प्रत्येक जोडात टाच वर उचलली जाते आणि उतारावर अंगठा पुढे आपटतो. दोन नखं काळी पडून गेली. पायात न बसणारा बूट वर्षभरात कोपऱ्यात पडतो. मग त्याचं रबर पुनर्वापराचं असून काय उपयोग?

आरीदोरा

ताई, मुद्दा सोळा आणे खरा. नवा फर्मा म्हणजे प्रत्येक मापाचा वेगळा फर्मा, वेगळे साचे, वेगळी कापणी. म्हणून टाळतात. काही कंपन्या बायकांसाठी वेगळा फर्मा खरंच वापरतात. बाकीच्यांचा फरक फक्त रंगात.

गवतपाती

तुम्ही सगळे तळावर भांडताय आणि वरच्या भागाबद्दल कुणी बोलत नाही. चामडं! जनावरांचा मिथेन, कुरणांसाठी तोडलेली जंगलं, आणि कमावताना क्रोमियम. ‘तपासणी झालेले कारखाने’ म्हणजे बहुधा लेदर वर्किंग ग्रुपचं सोनेरी-चंदेरी पदक. ही संस्था २००५ पासून आहे, पण तिचा मुख्य भर कमावण्याच्या कारखान्यावर: पाणी, रसायनं, ऊर्जा. जनावर कुठल्या कापलेल्या जंगलात चरलं, हे पदक सांगत नाही. चामडं सोडल्याशिवाय निसर्गप्रेमाच्या गप्पा मारू नयेत.

आरीदोरा

आणि त्या जागी काय घालायचं? प्लास्टिक. ‘प्राणिमुक्त चामडं’ म्हणून जे विकतात ते बहुतेक कापडावर पॉलियुरेथेनचा लेप. म्हणजे निसरडाकातळांच्या तळाला जे झालं तेच आता वरूनही होणार. पोपडे निघालेले बूट पाहिलेत ना? चामड्याला चिरा पडण्याआधी मेण लावलं तर ते दोन-तीन तळ सहज बघतं. मांसासाठी जनावर मारलं जातंच आहे, कातडं पुरायचं की पायात घालायचं?

गवतपाती

‘मारलं जातंच आहे’ हा जगातला सर्वांत सोयीचा युक्तिवाद. कातडं विकून पैसा येतो म्हणजे तो त्या धंद्याचाच नफा. आणि क्रोमियमबद्दल सोयीस्कर मौन.

जलांश

क्रोमियमबद्दल थोडं सरळ करू. कमावताना वापरतात ते तीन-संयुजी क्रोमियम. जगातलं बहुतांश चामडं असंच होतं, कारण वनस्पतींच्या सालीने जिथे आठवडे-महिने लागतात तिथे हे दिवसाभरात उरकतं. घातक ते सहा-संयुजी, जे चुकीच्या प्रक्रियेने किंवा साठवणीने तयार होऊ शकतं. युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठेवली आहे. पण ही मर्यादा तयार मालाची. कारखान्याबाहेरच्या नाल्यात काय जातं हे त्या आकड्यात येत नाही, तेवढ्यापुरता गवतपातींचा राग योग्य आहे.

गवतपाती

तेवढ्यापुरता. उपकार झाले.

रानभैरी

मूळ धागा माझ्यावरचा होता, आता क्रोमियमवर गेला. असो. जलरोधक बुटांत आयुष्यभर न विघटणारी फ्लोरिनची रसायनं असतात, ती या कंपनीने काढून टाकली. याबद्दल तरी एक चांगला शब्द?

जलांश

चांगली गोष्ट आहे, पण एकट्या त्यांची थोरवी नाही. जलरोधक पडदा बनवणाऱ्या गोअर-टेक्सवाल्यांनीच २०२२ पासून फ्लोरिनऐवजी पॉलिइथिलिनचं नवं आवरण बाजारात आणलं, आणि फ्रान्सने २०२५ मध्ये कायदा करून कपड्यांत-बुटांत ही रसायनं २०२६ पासून बंद केली, संरक्षक पोशाखासारखे अपवाद ठेवून. कायदा दाराशी आल्यावर पुष्कळांना निसर्ग आठवतो. आणि हो, फ्लोरिनशिवायचा वरचा लेप तेल-मळ तितका अडवत नाही. धुवा, पुन्हा लावा, हे आता तुमच्या हातात.

कडेलोट

त्या झाडांचाही काळ भरत आलाय. युरोपीय संघाचा २०२४ चा निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होणार. मग पुराव्याशिवाय नुसतं ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून माल विकता येणार नाही, आणि बाहेर झाडं लावून वस्तूला ‘कार्बनशून्य’ म्हणवणंही बंद. तोवर लावून घ्या म्हणावं.

रानभैरी

तुम्हाला कुठलीच कंपनी पसंत पडणार नाही. मोठ्या समूहाने घेतली तर कारागिरी मेली म्हणणार, घराण्याचीच राहिली तर जाहिरात म्हणणार.

आरीदोरा

समूहाने घेतली म्हणून कारागिरी मरत नाही. जर्मनीतल्या दोन बूट-कंपन्या बघा: हानवाग हान्स वाग्नरने १९२१ मध्ये सुरू केली, लोवा त्याच्या भावाने, लोरेन्झने, १९२३ मध्ये. आज दोन्ही मोठ्या समूहांकडे आहेत, आणि दोघीही जुन्या जोडांना नवे तळ घालून देतात. घराणं तीन पिढ्यांचं असल्याने गिऱ्हाइकाला काही मिळत नाही. दुरुस्तीचा विभाग आहे का, त्यात माणसं किती, आणि तळाचे सुटे भाग किती वर्षं ठेवतात, हे विचारा.

रानभैरी

विचारलं. आजच पत्र टाकलं. तुम्ही सगळ्यांनी डोकं उठवलं म्हणून, पटलं म्हणून नाही. आणि माझ्या बुटाच्या जिभेमागे तारखेचा संकेत सापडला. चार वर्षांपूर्वीचा माल निघाला, मी घेतला तेव्हाच दोन वर्षं दुकानात पडून होता.

निसरडाकातळ

नाड्या जवळ ठेवा. जास्तीच्या.

कडेलोट

उत्तर आलं तर इथेच टाका. ‘हो, बदलून देतो’ आलं तर शब्द मागे घेतो. सगळे नाही, तळापुरते.

ओलेमोजे

अरुंद टाचेच्या फर्म्यावर कोण बनवतं, हे अजून कुणी सांगितलं नाही.