मदत हवी आहे: एजन्सीचा नवा करार एकतर्फी वाटतोय, बोलणी कुठून सुरू करू?

अबोली:
नमस्कार मंडळी. पुढच्या शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायची आहे, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

मी अनुवादक आहे. नोकरी नाही, स्वतंत्रपणे काम घेते. गेली अडीच वर्षं माझ्याकडचं निम्म्याहून जास्त काम एकाच एजन्सीकडून येतं. आतापर्यंत आमच्यात मोठा करार असा नव्हताच. प्रत्येक कामाची वर्क ऑर्डर यायची, तीत शब्दसंख्या, दर आणि मुदत एवढंच. काम दिलं, बिल लावलं, ३० दिवसांत पैसे जमा. आता तिथलं व्यवस्थापन बदललंय आणि नव्या लोकांनी १४ पानांचा करारनामा धाडलाय. सोबत दोन ओळींची मेल: सही आली नाही तर पोर्टलवर नवी कामं दिसणं बंद होईल.

पहिल्या वाचनात नेहमीची कायदेशीर भाषा असेल म्हणून पुढे पुढे गेले. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि पोटात गोळा आला.

पैसे कधी? 'अंतिम ग्राहकाकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर ६० दिवसांत.' म्हणजे ग्राहकाने एजन्सीचे पैसे बुडवले तर माझेही बुडाले. त्या ग्राहकाशी माझी ओळखदेख नाही, त्याची पत तपासायची मला सोय नाही.

जबाबदारी कुणाची? 'कामाच्या संदर्भात उद्भवणारे कोणतेही व सर्व दावे, नुकसान व वकिलाचा खर्च' मी भरून द्यायचा, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोनेक हजार शब्दांच्या कामापोटी मी आयुष्यभराची पुंजी पणाला लावायची का?

स्पर्धा: करार संपल्यावर २ वर्षं एजन्सीच्या 'आजी, माजी वा संभाव्य' ग्राहकांसाठी काम करायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फायलींत कंपनीचं नाव काढून तिथे चौकोन टाकलेला असतो. जे ग्राहक मला ठाऊकच नाहीत त्यांना मी टाळू कशी?

आणि मला सर्वांत जास्त भीती वाटते ते कलम: दर्जा समाधानकारक नसल्यास एजन्सी 'स्वतःच्या विवेकाने' मानधनातून कितीही रक्कम कापू शकेल. याची भीती का, ते सांगते. मागच्या वर्षी एका वैद्यकीय उपकरणाचं माहितीपत्रक केलं होतं. त्यात मी लिहिलं होतं, 'आवरण उघडे आढळल्यास वापरू नये.' रिव्ह्यूअरला, म्हणजे माझ्यानंतर अनुवाद तपासणाऱ्याला, 'आढळल्यास' हा शब्द जास्तीचा वाटला असावा, त्याने केलं 'आवरण उघडल्यास वापरू नये.' आता आवरण उघडल्याशिवाय ती वस्तू वापरणार कशी? छपाईआधी ग्राहकाच्या लक्षात आलं, तक्रार माझ्या नावावर आली आणि माझ्या बिलाचे ३० टक्के अडकले. मी पाठवलेली मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून दोन महिन्यांनी पैसे सुटले. नव्या करारात अशी बाजू मांडायला जागाच नाही.

शिवाय कॉपीराइट काम लिहिताक्षणी त्यांचा होतो, पैसे मिळोत न मिळोत. करार त्यांनी मोडायचा तर तत्काळ, मी मोडायचा तर ६० दिवसांची नोटीस. वाद झाला तर लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थासमोरची सुनावणी, त्यांच्या शहरात, परदेशात.

सगळंच नाकारलं तर काम जाईल. सही केली तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हातात दुसरं मोठं काम नाही, हेही खरं. कशावर अडून बसू आणि काय सोडून देऊ? आणि लिहू कुणाला? ज्या मुलीने करार पाठवला ती म्हणते, 'मॅडम, सगळ्यांना हाच फॉर्मॅट आहे.'

कलंदर:
अबोलीताई, असलेच करार मी चार ठिकाणी सही केलेत. आजवर कुणी कोर्टात खेचलं नाही. एका अनुवादकाच्या मागे परदेशातून कोण येणार? सही करा आणि काम चालू ठेवा. घर चालायला हवं, हे मी मनापासून सांगतोय.

पानगळ:
कलंदर, काळजीपोटी लिहिलंत हे कळतं, पण कोर्टात कुणी जात नाही म्हणूनच अशी कलमं कोर्टाबाहेर वापरली जातात. बिल अडलं की समोरचा नुसतं कलमावर बोट ठेवतो आणि आपण गप्प बसतो. माझे एकदा असे चार महिन्यांचे पैसे गेले. त्यांना काहीच करावं लागलं नाही, माझी सही पुरली.

अबोलीताई, मी या धंद्यात बरीच वर्षं आहे, सुचतं ते सांगते.

आधी एक सावधगिरी. निर्णय होईपर्यंत पोर्टलवर कुठलंही नवं काम स्वीकारण्याआधी बटणाच्या खालची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळदा तिथे 'काम स्वीकारणे म्हणजे करार मान्य करणे' असं लिहिलेलं असतं. कागदावर सही न करताही आपण अडकतो.

आता कुणाला लिहायचं. ती मुलगी व्हेंडर मॅनेजर, म्हणजे बाहेरच्या अनुवादकांची कागदपत्रं सांभाळणारी, असणार. कलम बदलायचा अधिकार तिला नसतो, म्हणून ती 'हाच फॉर्मॅट आहे' म्हणते आणि तिच्या जागी ते खरंही असतं. तिच्याशी वाद घालू नका. तिला एवढंच विचारा: 'करारातील बदलांना मंजुरी कोण देतं? माझ्या सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवाल का?' आणि जे प्रोजेक्ट मॅनेजर रोज तुम्हाला काम देतात त्यांना वेगळं कळवा की करार अडलाय, म्हणून पुढच्या आठवड्यातली कामं घेता येत नाहीत. मुदत त्यांच्या डोक्यावर असते, त्यामुळे आतून रेटा त्यांच्याकडूनच येतो. माझ्या अनुभवात निम्मं काम या एका फोननं होतं.

नाराजीचं लांब पत्र लिहू नका. त्यांच्याच वर्ड फाइलमध्ये बदल दिसतील अशा पद्धतीने दुरुस्त्या करा आणि प्रत्येक दुरुस्तीपाशी एका ओळीत कारण द्या. समोर तयार वाक्य असलं की मंजूर करणं सोपं जातं. 'हे अन्यायकारक आहे' एवढंच लिहिलं तर पर्यायी वाक्य त्यांच्या वकिलाला लिहावं लागतं, आणि तो ते लिहीत नाही.

अडून बसायचं तीन गोष्टींवर: जबाबदारीची मर्यादा, पैशांची तारीख आणि कपात. मोजपट्टी एकच ठेवा, जे माझ्या हातात आहे त्याचा जाब मी देईन. ग्राहक पैसे देतो की नाही हे तुमच्या हातात नाही. रिव्ह्यूअरने नंतर काय बदललं हेही नाही.

कपातीच्या बाबतीत एक मुद्दा जरूर वापरा. एजन्सी आयएसओ १७१०० हे अनुवादसेवेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र मिरवते का बघा. २०१५ सालच्या या मानकात अनुवाद मूळ अनुवादकाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने मुळाशी ताडून तपासणं बंधनकारक आहे. म्हणजे जी फाइल ग्राहकाकडे जाते तिच्यावर तुमच्यानंतर आणखी एक हात फिरलेला असतो, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं असतं. मग लिहा: 'कपात करण्याआधी एजन्सी चुका मूळ वाक्यासह दाखवील, दुरुस्तीसाठी ५ कामकाजाचे दिवस देईल, आणि ही जबाबदारी अनुवादकाने सुपूर्द केलेल्या फाइलपुरतीच राहील.' शेवटचा तुकडा सोडू नका. तुमच्या 'आढळल्यास'चं उत्तर त्यातच आहे.

पैशांसाठी 'बिलाच्या तारखेपासून ३० दिवस' मागा आणि ४५ पर्यंत यायची मनाची तयारी ठेवा. दिवस थोडे वाढले तर चालतील, पण 'ग्राहकाकडून प्राप्त झाल्यानंतर' हे शब्द राहता कामा नयेत. ते राहिले तर ३० काय आणि ६० काय, मोजणी सुरूच होत नाही.

कॉपीराइटला फक्त 'पूर्ण मानधन मिळाल्यानंतर' हे शब्द जोडा. यावर सहसा कुणी फारसं अडून बसत नाही.

साक्षीभाव:
मी करारांचंच काम करतो. पानगळ यांनी बहुतेक सगळं सांगितलंय, दोन-तीन गोष्टींची भर.

भरपाईच्या कलमातला 'कोणतेही व सर्व दावे' हा शब्दप्रयोग फार रुंद आहे. साधी नुकसानभरपाई मागायची तर समोरच्याला तुमची कसूर आणि तिच्यामुळे झालेलं नुकसान दाखवावं लागतं. इथे मात्र तिसऱ्या कुणी एजन्सीवर दावा ठोकला की त्याचा खर्च तुमच्याकडे वळवायची वाट मोकळी होते, आणि तुमची चूक होती का हा प्रश्न बाजूला पडू शकतो. म्हणून 'च्या संदर्भात उद्भवणारे' हे शब्द काढून 'अनुवादकाच्या सिद्ध झालेल्या निष्काळजीपणामुळे थेट झालेले' हे घाला. मग मर्यादा: 'त्या कामासाठी दिलेल्या मानधनाइतकी.' ते म्हणतील, गोपनीयतेचा भंग आणि हेतुपुरस्सर फसवणूक या मर्यादेबाहेर ठेवा. फसवणुकीला हरकत घेऊ नये. गोपनीयतेबद्दल थोडं थांबा, तिथे वेगळा मोठा आकडा ठरवून घेता येतो.

कलंदर यांनी विचारलं, परदेशातून कोण येणार. विदेशी लवादाचे निवाडे मान्य करण्याबाबतचा १९५८चा न्यूयॉर्क करार दीडशेहून अधिक देशांनी स्वीकारलेला आहे. तिकडचा निवाडा इकडे अंमलात आणायचा रस्ता त्यामुळे तयार आहे. उलट बुडालेल्या बिलासाठी तुम्हाला तिकडे जाऊन लढायचं झालं तर खर्चच बिलाच्या वर जाईल. लवादाची जागा बदलून मिळाली नाही तर निदान 'सुनावणी ऑनलाइन' आणि 'लवाद म्हणून एकच व्यक्ती' हे मागा. त्याला ते सहज तयार होतात.

स्पर्धाबंदी कितपत टिकते ते देशागणिक बदलतं, पण त्या भरवशावर सही करू नका. तिचं रूपांतर मागा: ज्या ग्राहकांची ओळख तुम्हाला याच एजन्सीच्या कामातून झाली, त्यांच्याकडे १२ महिने स्वतःहून काम मागायला जाणार नाही. एजन्सीची रास्त चिंता एवढीच असते.

पैशांची मागणी अवाजवी नाही हे दाखवायला दोन दाखले देता येतील. युरोपीय संघाच्या २०११च्या निर्देशानुसार दोन व्यवसायांमधल्या देयकांना सर्वसाधारण मर्यादा ६० दिवसांची आहे. न्यूयॉर्क शहरात २०१७पासून फ्रीलान्सरांसाठीचा कायदा आहे, करारात तारीख दिली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. हे तुम्हाला लागू होतीलच असं नाही, बोलण्यात वजन येतं. सही करण्याआधी मात्र तुमच्या भागातल्या वकिलाला एकदा कागद दाखवा.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून दुरुस्त्या घातल्या. सोबतची मेल अशी लिहिली आहे, जरा नजर टाका:

'आपल्याबरोबरचं काम मला पुढेही करायचं आहे. करारातील बहुतेक कलमं मला मान्य आहेत. सहा ठिकाणी बदल सुचवले आहेत, त्यांतील पहिल्या तीनवर एकमत झालं तर मी त्याच दिवशी सही करून पाठवीन. यावर चर्चा पूर्ण होईपर्यंत आतापर्यंतच्या वर्क ऑर्डरच्या अटींवर कामं घ्यायला मी तयार आहे.'

पानगळ:
छान आहे. शेवटचं वाक्य तर फारच चांगलं, काम थांबल्याचा ठपका तुमच्यावर येत नाही. फक्त 'पहिल्या तीनवर एकमत झालं तर' हे आत्ताच लिहू नका. उरलेले तीन तुम्ही सोडायला तयार आहात हे त्यांना पहिल्याच मेलमध्ये कळतं. ते तुमच्या वहीत राहू द्या.

अबोली:
काढलं. पाठवते.

अबोली:
दोन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. सहा दिवस काहीच उत्तर नव्हतं, पोर्टलही बंद होतं. ते दिवस फार वाईट गेले, रोज सकाळी मेल उघडताना हात थरथरायचा. सातव्या दिवशी प्रोजेक्ट मॅनेजरचा फोन आला, एक मोठं काम अडलं होतं. त्यानंतर त्यांच्या कायदा विभागातून एकजण बोलायला आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी कलम वाचून बोलत होतं.

मिळालं ते असं: पैसे बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांत, ग्राहकाची अट गेली. कपातीचं कलम जवळजवळ पानगळताईंच्या शब्दांत आलं, 'सुपूर्द केलेल्या फाइलपुरती' यासकट. जबाबदारीची मर्यादा मागच्या १२ महिन्यांत त्यांच्याकडून मिळालेल्या मानधनाइतकी. मी त्या एका कामाची मागितली होती, तिथे ते अडले. स्पर्धाबंदी १२ महिन्यांची आणि फक्त ओळख झालेल्या ग्राहकांपुरती. कॉपीराइट पैसे मिळाल्यावर. नोटिशीचं कलम आणि लवादाचं शहर दोन्ही होतं तसंच, फक्त सुनावणी ऑनलाइन.

अजून सही केलेली नाही, कारण साक्षीभाव यांनी म्हटलं तसंच झालं. गोपनीयतेचा भंग मर्यादेबाहेर, म्हणजे अमर्याद. त्यांच्या व्याख्येत फाइल कुठल्याही ऑनलाइन साधनात टाकणं हाही भंग आहे. मी शब्दकोश आणि स्पेलचेक ऑनलाइनच वापरते. इथे काय मागू?

साक्षीभाव:
दोन गोष्टी. व्याख्येत 'एजन्सीने लेखी मंजूर केलेली साधने वगळून' घाला आणि तुम्ही वापरता त्या साधनांची नावं परिशिष्टात लिहून त्यांच्याकडून मंजूर करून घ्या. एकेका शब्दाचा अर्थ शोधणं म्हणजे फाइल अपलोड करणं नाही, हेही एका ओळीत स्पष्ट करून घ्या. मग अमर्यादऐवजी 'मागच्या १२ महिन्यांच्या मानधनाच्या दुप्पट' मागा. मर्यादा मोजायची हीच पद्धत त्यांनी आधीच्या कलमात मान्य केली आहे, त्यामुळे तुम्ही नवं काही मागत नाही.

अबोली:
हे आज संध्याकाळीच पाठवते. परिशिष्टासाठी साधनांची यादी करायला घेतली आहे, नऊ झाली.