फादर जर्मनीला चाललेत त्याबद्दल

काहीजण विचारतात, इथं बेळगावकडच्या खेड्यात गरज असताना आमच्या फादरनी जर्मनीला कशाला जावं. अहो, तिकडं खेड्यात चार-पाच गावांची चर्चं मिळून एकच फादर असतोय, म्हातारी माणसं मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीची, वाट बघत बसतात. आणि जाणं सोपं नाही की ओ, आधी जर्मन शिकायला लागते, तीही चर्चमध्ये सर्मन म्हणजे प्रवचन देण्याइतकी! बेळगावचा वेगळा धर्मप्रांत (बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग) १९५३ ला झाला, त्याआधी इकडचा कारभार गोव्याकडनं नि पुण्याकडनं चालायचा, फादर बाहेरनं यायचे, आता आपला माणूस बाहेर चाललाय. परवा खानापुरात निरोपाला एका आज्जीनं कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईचा, डबा हातात दिला, फादरनी तो तिच्यासमोरच स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवला, मला तर बोलायलाच येईना. जाऊ देत ओ त्यांना.