चौघांचा प्रोजेक्ट, काम एकटीचं: वेब ॲप्लिकेशन शिकवताना गटात काम कसं वाटता?

रावेरच्या मॅडम

नमस्कार. रावेर तालुक्यातल्या एका कॉलेजात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला शिकवते. ४८ मुलं, चौघांचा एक असे १२ गट. कोड पीएचपी भाषेत, माहिती साठवायला मायएसक्यूएल डेटाबेस, आणि हे दोन्ही कॉम्प्युटरवर चालवणारं झॅम्प लॅबमध्ये टाकलेलं. निम्मी मुलं खेड्यावरून एसटीने येतात. पाचची गाडी चुकली की घरी पोचायला रात्र होते, त्यामुळे कॉलेज सुटल्यावर थांबा असं मी म्हणू शकत नाही. लॅपटॉप गटात एखाद्याकडेच.

गेल्या वर्षीच्या तोंडी परीक्षेतली एक गोष्ट मनातून जात नाही. प्रोजेक्टवर चार नावं, स्क्रीनही छान चालत होते. एकाला विचारलं, "लॉगिन केलेला माणूस कोण आहे हे पुढच्या पानाला कसं कळतं?" तो शेजारच्या मुलीकडे बघायला लागला. दुसऱ्याला विचारलं, तोही तिच्याकडेच. सेशन, म्हणजे लॉगिन केलेल्याची ओळख पानापानांतून लक्षात ठेवायची सोय, हे तिलाच माहीत होतं, कारण सगळं तिनेच लिहिलं होतं. आणि प्रोजेक्टच्या वहीत तिच्या नावापुढे काय होतं? "रिपोर्ट आणि टायपिंग". गुण चौघांना सारखे द्यावे लागले. ती काही बोलली नाही, पण मला ते अजून लागतं.

यंदा असं होऊ द्यायचं नाही. गट कसे पाडता, काम कसं वाटता, गुण कसे देता?

पांझराकाठ

मॅडम, मी धुळ्याला शिकवतो. बरीच वर्षं मीही गटाला सांगायचो, एकाने डिझाइन करा, एकाने डेटाबेस, एकाने कोडिंग, एकाने रिपोर्ट. ही वाटणीच चुकीची आहे. त्यात कोडिंगवाला सोडून कोणी वेब ॲप्लिकेशन शिकतच नाही. माझे डोळे कसे उघडले ते सांगतो.

एका गटाने गावच्या दूध डेअरीसाठी ॲप्लिकेशन केलं. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) भरायचं, दर दहा दिवसांनी पेमेंटची पावती काढायची. टेबलं, म्हणजे डेटाबेसमधले माहितीचे तक्ते, एकाने केली, पावतीचं पान दुसऱ्याने. दर एका टेबलात, दूध दुसऱ्या टेबलात, आणि पावती काढताना दोन्हींचा गुणाकार. लॅबमध्ये आकडे बरोबर यायचे. मग डेअरीने दर बदलला, मुलांनी टेबलातला आकडा बदलला आणि मागच्या दहा दिवसांच्या पावत्याही नव्या दराने निघायला लागल्या! एक आजोबा जुनी पावती खिशातून काढून, नव्या पावतीशेजारी ठेवून म्हणाले, "हाऊ आकडा कोना शे, भाऊ?" मुलं एकमेकांकडे बघत राहिली. टेबलं करणाऱ्याला पावती कशी निघते ते माहीत नव्हतं आणि पावतीवाल्याला दर बदलतो हेच माहीत नव्हतं.

दुरुस्ती एवढीशीच. दूध भरताना त्या दिवसाचा दर त्याच ओळीत लिहून ठेवायचा. पण ही गोष्ट फळ्यावर शिकवून डोक्यात जात नाही. त्या आजोबांसमोर उभं राहिल्यावर गेली.

तेव्हापासून मी काम उभं कापतो. "दूध भरणे" हे एकीचं, फॉर्मपासून टेबलापर्यंत सगळं तिचं. "पावती" दुसऱ्याचं, "उचल आणि बाकी" तिसऱ्याचं, "लॉगिन आणि सभासद" चौथ्याचं. रिपोर्टमध्ये ज्याने त्याने आपल्या भागाचं लिहायचं. नुसता रिपोर्ट हे काम मी कोणालाच देत नाही, मुलींना तर नाहीच.

तोंडी परीक्षेत प्रत्येकाला, त्याच्याच भागात, माझ्यासमोर एक छोटा बदल करायला लावतो. उदाहरणार्थ, मोबाइल नंबर दहा आकडी नसेल तर अडव. वेळ पंधरा मिनिटं. ज्याने स्वतः लिहिलंय तो फाइल लगेच उघडतो. ३० गुण गटाला, २० या बदलाला. विकत आणलेले प्रोजेक्टही इथेच उघडे पडतात.

हडपसरहून भुसावळकर

पांझराकाठ सरांचं पटलं. आमच्या गटात पेनड्राइव्ह फिरायचा. त्यात "फायनल", "फायनल नवीन", "फायनल एकदम शेवटचं" असे तीन फोल्डर, आणि परीक्षेला चुकीचा उघडला. मॅडम, मुलांना पहिल्याच आठवड्यात गिट शिकवा, म्हणजे कोडमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याला नेट लागतंच असं नाही. २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने ते लिनक्सच्या कामासाठी बनवलं, आणि पूर्ण इतिहासाची प्रत प्रत्येकाच्या मशीनवर राहते. कमिट, म्हणजे केलेल्या बदलाची नोंद, लॅबमध्ये लाइट असताना करायचं, नेट मिळेल तेव्हा इंटरनेटवरच्या गटाच्या प्रतीत वर ढकलायचं.

एक सांभाळा. लॅपटॉप एकाचा असला तर सगळे कमिट त्याच्याच नावावर पडतात. बसणारा बदलला की गिटमधलं नाव आणि ईमेलही बदलायला लावा, नाहीतर शेवटी तुम्हाला पुन्हा एकच नाव दिसेल. आणि कमिट मोजून गुण देऊ नका, मुलं एकेक स्वल्पविराम कमिट करतील.

दोघांनी एकच ओळ बदलली आणि गिटने अडवलं तर तुम्ही सोडवून देऊ नका. दोघांना एका बाकावर बसवा. नोकरीला लागल्यावर हेच मला रोज करावं लागतं, आणि कॉलेजात हे एकदाही केलं नव्हतं.

रावेरच्या मॅडम

दोघांचे मनापासून आभार. उभी वाटणी सोमवारपासूनच करते. लॅबच्या तासातच गटाची दहा मिनिटांची बैठक घेणार, म्हणजे एसटी चुकणार नाही.

आमच्याकडे डेअरीऐवजी केळी घेते. एका विद्यार्थिनीचे वडील केळी कापणीचा हिशोब वहीत ठेवतात. शेतकरी, वजन, भाव, उचल, बाकी. ते एक दिवस वर्गात यायला तयार आहेत. केळीचा भाव तर रोज बदलतो, म्हणजे सरांनी सांगितलेली चूक आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात होणार. ती मी आधी सांगणार नाही, होऊ देते.

एकच विचारायचं राहिलं, सर. ज्याला आपला भाग झेपतच नाही, त्याचं काम गटाने उचलायचं की तो भागच लहान करायचा?

पांझराकाठ

भाग लहान करा, पण उभाच ठेवा. नुसती सभासदांची यादी दाखवणं चालेल, पण फॉर्म, टेबल आणि पान तिन्ही त्याच्या हातचं हवं. आणि पहिले दोन आठवडे त्याच्या शेजारी तुम्ही स्वतः बसा.